बटणावरचा नमस्कार

खोटं बोलू नये, हे आपल्याला ज्या वयात शिकवतात त्याच वयात, बहुधा त्याच आठवड्यात, "काकूंना सांग, लाडू छान झाले होते" हेही शिकवतात. लाडू फोडायला काकांनी अडकित्ता काढलेला आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. मूल जरा गोंधळतं, पण सांगतं. पुढे ते मोठं होतं आणि "जेवूनच जा ना" या वाक्याचा अर्थ त्याला कळू लागतो. हे वाक्य पाहुणा चपला घालून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पोचला की म्हणायचं असतं. आधी म्हटलं तर तो थांबण्याचा धोका असतो. त्यावर पाहुण्यानं "नको नको, पुन्हा कधी तरी नक्की" म्हणायचं आणि निघताना "येतो" म्हणायचं. जाणारा माणूस "येतो" म्हणतो. आणि जिथं पुन्हा पाऊल ठेवायचं नसतं तिथं "येतो हं" असा एक हं जास्तीचा लावतो. अशी ही आपली सत्यप्रिय जमात!

हे सगळं खोटं म्हणायचं की नाही, हा प्रश्न मी साठ वर्षं टाळला. नोकरी बँकेत, खिडकीच्या आतल्या बाजूला. तिथे हा प्रश्न उद्भवण्याचं कारण नव्हतं, कारण आमच्या शाखेत गोड बोलण्याचा प्रघातच नव्हता. निवृत्तीनंतर प्रश्न समोर आला तो बुद्धिबळाच्या पटावर, आणि तोही चार बटणांच्या रूपात.

त्याचं असं झालं, २०२० साली टाळेबंदी आली आणि आमच्या वसाहतीतला बुद्धिबळाचा कट्टा बंद पडला. चार म्हाताऱ्यांनी एका पटावर मान घालून बसायचं, हा तोवर छंद होता, तो एकाएकी गुन्हा झाला. मी घरात येरझारा घालू लागलो, स्वयंपाकघरात डोकावून फोडणीबद्दल मत देऊ लागलो. तेव्हा सौ.नं नातीला बाजूला घेऊन काही सांगितलं असावं. नातीनं माझ्यापुढे तिचा जुना टॅब ठेवला आणि म्हणाली, "आबा, हे लीचेस. इथे जगातलं कुणीही तुमच्याशी खेळेल." हे लीचेस तिबो ड्युप्लेसी नावाच्या एका फ्रेंच प्रोग्रॅमरनं २०१० साली सुरू केलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, लोकांच्या देणग्यांवर चालतं. फुकट आणि विनाजाहिरात हे दोन शब्द एका वाक्यात ऐकल्यावर बँकेतल्या माणसाला संशय येतो. पण तो अजून खरा ठरलेला नाही.

पहिली अडचण नावाची. आपल्याकडे नाव आत्या ठेवते. पाळण्याशी वाकून कानात कुर्र करते, आणि ज्याचं नाव त्याचं मत कुणी विचारत नाही. ही फार सोयीची पद्धत आहे, हे मला एकसष्टाव्या वर्षी स्वतःचं बारसं स्वतः करताना पटलं. घरात मला सगळे आबा म्हणतात, म्हणून ‘आबा’ मागितलं. ते आधीच कुणी तरी घेतलेलं होतं. आबा एक, आबा दोन, आबा एकसष्ट, सगळे गेलेले. एवढे आबा जगात रिकामे बसून बुद्धिबळ खेळताहेत हे पाहून बरंही वाटलं. शेवटी घोड्यावरचं माझं प्रेम लक्षात घेऊन नातीनं ‘घोडेवालेआबा’ असं सलग, मधे जागा न सोडता, नाव घातलं. आता जगाच्या पाठीवर मी घोडेवालेआबा आहे. रेसकोर्सवर ओळखीचे आहेत असं वाटण्यासारखं नाव, पण असो.

डाव लागला. समोर पट, बाजूला दोन घड्याळं, आणि पटाच्या कडेला एक लहानशी खिडकी. त्या खिडकीत दोघा खेळाडूंनी एकमेकांशी बोलायचं. हवं ते टाइप करता येतं. पण ज्यांना सुचत नाही त्यांच्यासाठी तयार बटणं असतात. डाव सुरू होताना चार: एच आय म्हणजे नमस्कार, जी एल म्हणजे नशीब साथ देवो, एच एफ म्हणजे मजा करा, आणि यू टू म्हणजे तुम्हालाही. डाव संपला की जी जी, छान डाव झाला. डब्ल्यू पी, छान खेळलात. टी वाय, आभार. जी टी जी, मला निघायला हवं. आणि बी बी, येतो. जगातल्या सगळ्या सभ्यतेचा अर्क काढून नऊ पुड्या बांधल्या आहेत. ज्याला जी लागेल ती त्यानं दाबावी.

समोरच्यानं "नमस्कार" दाबलं. मला पुडी पसंत पडेना. मी स्वतःच्या हातानं, एका बोटानं, सविस्तर नमस्कार लिहायला घेतला. "आबा, घड्याळ चालू आहे!" नात किंचाळली. दहा मिनिटांचा डाव. नमस्कारातच एक मिनिट दहा सेकंद गेले होते. ‘लाइव्ह’ या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. समोरचा माणूस त्याच क्षणी तिथं बसलेला असतो आणि तुमच्या सौजन्याची किंमत तुमच्याच घड्याळातून वळती होते.

आमचे नानाकाका वाईहून इंदूरच्या एका गृहस्थांशी पत्रानं बुद्धिबळ खेळत. पोस्टकार्डावर वर श्री, मग सप्रेम नमस्कार वि. वि., मग इकडील क्षेम, पाऊसपाणी, थोरलीच्या लग्नाचं कुठवर आलं, आणि सगळ्यात खाली जागा उरली तर उंटाची चाल. वजीर पडला तरी ते आठ दिवसांनी कळायचं. एक डाव तीन वर्षं चालला. त्यात थोरलीचं लग्न होऊन बाळंतपणही झालं. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. पण इंदूरच्यांचा घोडा अडकला की नानाकाका दोन दिवस जेवणाकडे लक्ष न देता "आता काय करतील बिचारे" असं पुटपुटत फिरायचे. अनोळखी माणसाशी खेळणं आमच्या घराण्याला नवीन नाही. नवीन आहे ती घाई.

आणि हे टाइप करून समोरासमोर बोलणंही काल-परवाचं नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची एक संगणक-व्यवस्था होती. तिच्यावर १९७३ साली डग ब्राउन आणि डेव्हिड वूली या दोघांनी ‘टॉकोमॅटिक’ नावाची सोय केली. पडद्याचे आडवे पट्टे पाडलेले, एकेकाला एकेक पट्टा. आपण अक्षर दाबलं की ते तत्क्षणी सगळ्यांना दिसायचं. म्हणजे खोडलेलंही दिसायचं! कल्पना करा, आपण ‘तुम्ही अगदी मूर्’ एवढं लिहिलं, मग सद्‌बुद्धी सुचली, ते पुसून ‘मुरलेले खेळाडू आहात’ असं केलं. पण तो अर्धवट मूर् साऱ्या मंडळींनी वाचलेला. माणसाच्या मनात पहिल्यांदा काय आलं आणि मग त्यानं काय म्हणायचं ठरवलं, हे दोन्ही चव्हाट्यावर. अशी सोय आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत आली असती तर अर्धी लग्नं मोडली असती.

पुढे १९७८ साली इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ काढला. मड म्हणजे चिखलच, पण ती आद्याक्षरं होती. त्यात चित्र म्हणून नव्हतंच, सगळा खेळ शब्दांचा. पडद्यावर वाट, रान, गुहा यांची वर्णनं यायची, आणि त्या जागी दुसरा कुणी खेळाडू असला तर त्याच्याशी बोलता यायचं, नाही तर त्याला मारता यायचं. याच बार्टलसाहेबांनी १९९६ साली एका लेखात अशा खेळांत येणाऱ्या माणसांचे चार प्रकार पाडले आणि त्यांना पत्त्यांच्या रंगांची नावं दिली. चौकट म्हणजे हिरे, जे सतत खजिन्यामागे, गुणांमागे. इस्पिक म्हणजे फावडं, जे कोपरे उकरत हिंडतात. बदाम म्हणजे हृदय, हे गप्पा मारायला येतात, खेळ निमित्ताला. आणि किलवर म्हणजे दंडुका, ज्यांना दुसऱ्याच्या पाठीत तो घालण्यातच आनंद.

ही वर्गवारी वाचली आणि मला आमचा कट्टा आठवला. बुद्धिबळ येत नसूनही वीस वर्षं नियमितपणे येणारे आमचे एक बदाम होते. येताना सर्वांसाठी शेंगदाणे आणत. किलवर तर कुठल्या कट्ट्यावर नसतो? आमचा किलवर स्वतः खेळायचा नाही. मागे उभा राहून "गेला हत्ती!" असं ओरडायचा. लीचेसवर या जातीची उत्तम व्यवस्था आहे. बघ्यांची खिडकी वेगळी. तिथे काय चाललंय ते खेळणाऱ्यांना डाव संपेपर्यंत दिसत नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोनेरू हंपीशी खेळली, टायब्रेकपर्यंत सामना गेला, ती जिंकली आणि एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. तेव्हा मी टॅबला डोळे लावून होतो, आणि अधूनमधून मोठ्यानं सल्लेही देत होतो. ते बातुमीला ऐकू गेले नाहीत. म्हणूनच ती जिंकली असं सौ.चं म्हणणं.

तर तात्या. हे आमच्या कट्ट्यावरचे गणिताचे निवृत्त मास्तर. तात्या नेहमी खरं बोलतात, त्यामुळे त्यांना फारसं कुणी बोलावत नाही. टाळेबंदी उठल्यावर एके दिवशी ते माझ्याशेजारी बसून माझा डाव पाहत होते. मी सरावानं "नशीब साथ देवो" दाबलं.

"हे कुणाला?" तात्यांनी विचारलं.

"प्रतिस्पर्ध्याला."

"म्हणजे तो जिंकावा असं तुम्हाला वाटतं?"

"छे!"

"मग खोटं का बोलता? आणि तेही स्वतः न बोलता बटण दाबून? तो कोण हे तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही कोण हे त्याला ठाऊक नाही. कुणी ओळखीचा असता तर समजू शकतो, त्याच्या मुलाशी आपल्या पुतणीचं जमवायचंय वगैरे. इथे तर स्वार्थसुद्धा नाही! निव्वळ निष्कारण खोटं!"

तात्यांच्या बोलण्यातला हा शेवटचा भाग मला रात्रभर डाचत राहिला. स्वार्थासाठी खोटं बोलणारा माणूस निदान समजण्यासारखा असतो. अनोळखी माणसाशी फुकट खोटं गोड बोलणारा म्हणजे कोण?

असल्या प्रसंगी मी पूर्वी गीता उघडायचो. या वेळी कांट उघडला. हा प्रशियातल्या क्योनिग्जबर्गचा तत्त्वज्ञ. तात्यांचा पूर्वजन्मीचा भाऊ शोभावा असा. १७९७ साली त्यानं लिहून ठेवलंय की हातात शस्त्र घेतलेला खुनी दारात येऊन "तुझा मित्र आत लपलाय का" असं विचारू लागला तरी खोटं बोलू नये. तात्यांना हे सांगितलं तर ते गहिवरले. पण गंमत पुढे आहे. हाच कांट पुढच्याच वर्षी, १७९८ साली, माणसाच्या स्वभावावरच्या पुस्तकात शिष्टाचाराला माफ करून मोकळा होतो! त्याचं म्हणणं थोडक्यात असं की सौजन्याचे शब्द म्हणजे व्यवहारातली चिल्लर. ती सोन्याची नाही हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. म्हणून त्यात फसवणूक कुणाचीच नाही. उलट ही चिल्लर हातात खेळवत खेळवत माणसाच्या अंगी हळूहळू खरा चांगुलपणा मुरत जातो. हा कांट एकटा कधी जेवायला बसत नसे. रोज दुपारी पंक्तीला पाहुणे हवेत असा त्याचा नेम. म्हणजे त्याचं "जेवूनच जा" हे जिन्यावरचं नव्हतं.

चिल्लर ही उपमा मला एकदम पटली. पस्तीस वर्षं मी चिल्लर मोजली आहे. ज्यांनी ती कधी मोजली नाही त्यांनाच ती क्षुल्लक वाटते. सकाळी दहा वाजता खिडकीत सुटे पैसे नसले की लाखाचे व्यवहार कसे तटतात ते मी पाहिलंय. तात्या म्हणाले, "पण चिल्लर खोटीही निघते." निघते. तात्या खरंच बोलतात.

खोट्या चिल्लरीचा सगळ्यात नामी दाखला मला नातीनं दिला. ‘हार्थस्टोन’ नावाचा एक पत्त्यांचा खेळ आहे, ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीनं २०१४ साली आणलेला. कंपनीनं आधीच ओळखलं होतं की अनोळखी खेळाडूंना मोकळं बोलू दिलं तर ते काय बोलतील. म्हणून तिनं खिडकी ठेवलीच नाही. फक्त सहा ठरावीक उद्गार दिले. नमस्कार, आभार, छान खेळलात, अरेच्चा, माफ करा आणि एक धमकी. धमकीसुद्धा सभ्य, कंपनीनं लिहून दिलेली. वाटलं असेल, आता कोण कुणाला दुखावतो बघू. लोकांनी काय करावं? समोरच्याचा डाव पार उधळून झाला, त्याचं शेवटचं मोहरंही पडलं की सावकाश "माफ करा" दाबायचं. पुन्हा "माफ करा". मग आणखी एकदा. शेवटी २०१६ साली कंपनीनं "माफ करा" हा उद्गारच काढून टाकला! क्षमायाचना हा अपशब्द ठरला. त्याच्या जागी "वा!" ठेवलं. आणि आता लोक "वा!"नं तेच काम करतात. "वा!" शिवीसारखा कसा वापरायचा, हे गाण्याच्या मैफिलीत पहिल्या रांगेत बसणाऱ्या आपल्याकडच्या जाणकारांना अमेरिकेकडून शिकायला नको.

मला या गोष्टीत तात्यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दिसतं. शब्द आपला नाही, बटण आपलं नाही, नाव खरं नाही, चेहरा दिसत नाही. एवढं सगळं काढून घेतलं तरी माणूस त्या सहा बटणांतून निथळतोच. कधी दाबलं, किती वेळानं दाबलं, हरल्यावर दाबलं की जिंकल्यावर, एवढ्यावरून आत कोण बसलंय ते कळतं. मात होण्याच्या चार चाली आधीच "जी जी" असं स्वतः टाइप करून कळवणारे महाभाग मला भेटले आहेत. ‘छान डाव झाला’ म्हणजे ‘उठा आता’. शब्दात खोट काढून दाखवा! आणि एक जण हरल्यावर पाच-सहा सेकंद गप्प राहिला, मग "छान खेळलात" आलं. ते पाच-सहा सेकंद फार खरे होते. गिळायला तेवढा वेळ लागतो.

निम्मं राहिलेलं उत्तर मला एका सभ्य नसलेल्या माणसानं दिलं. त्याचा वजीर माझ्या घोड्यानं टिपला. घोडेवालेआबा हे नाव सार्थ झालं म्हणून मी सौ.ला हाक मारणार, तेवढ्यात खिडकीत तीन शब्द आले. तिन्ही माझ्या आईविषयी होते. माझी आई १९८९ साली गेली. त्या गृहस्थाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि मला आई आहे एवढ्या एकाच गोष्टीची त्याला माझ्याबद्दल खात्री होती. मी टॅब पालथा ठेवला. चहा गार झाला. नातीनं येऊन काय ते ओळखलं, दोन बोटांनी त्या नावाला कायमचं बाहेर घातलं आणि म्हणाली, "आबा, चॅट बंदच करून टाकू का? माझं बंदच आहे." तिच्या खात्याला बालकांसाठीची रीत लावलेली आहे, तिच्याशी तिथे कुणालाच बोलता येत नाही. तात्यांचाही सल्ला तोच पडला. मोठमोठ्यांनी तेच केलंय म्हणे. ‘लीग ऑफ लेजंड्स’ नावाच्या लढाईच्या खेळात २०२१ च्या ऑक्टोबरात कंपनीनं दोन्ही बाजूंच्या खेळाडूंमधलं आपसांतलं बोलणं बंद केलं होतं, कारण त्यात शिवीगाळच फार चाले. नातीचं बंद असावं याबद्दल माझं दुमत नाही. पण स्वतःचं बंद करायला बोट वळेना.

मला राहून राहून एकच वाटत होतं. शिवी कुणाला दिली? घोडेवालेआबाला. असा कुणी माणूस आहे का? रेशनकार्डावर नाही, मतदारयादीत नाही. देणाराही एक बनावट नाव. म्हणजे एका नसलेल्या माणसानं दुसऱ्या नसलेल्या माणसाला शिवी दिली. तात्यांच्या गणितानं उत्तर शून्य यायला हवं. पण चहा माझा गार झाला, रात्री झोप माझी गेली. शिवी जर बनावट नावातून आरपार येऊन खऱ्या माणसाला लागते, तर मग नमस्कारानंच काय घोडं मारलंय? तोही पोचत असलाच पाहिजे. तात्यांना हे ऐकवलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि "यात एक पायरी गाळली आहे तुम्ही" असं म्हणाले. कुठली ते अजून सांगितलेलं नाही.

चॅट चालूच ठेवलं, आणि तसं ठेवलं म्हणून सौनावाले भेटले.

यांचं तिथलं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, त्यांनाही चांगलं नाव मिळालं नसणार. नावापुढे झेंडा फिनलंडचा. झेंडा आपला आपण निवडायचा असतो, त्यामुळे ते पिंपरीचेही असू शकतात, पण मी फिनलंड धरून चालतो. त्याला एक कारण आहे. आयआरसी नावाची जगभर चाललेली मजकुरी गप्पांची जी मोठी व्यवस्था, ती १९८८ सालच्या ऑगस्टात फिनलंडच्याच ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केली. फिनलंडची माणसं मितभाषी म्हणून प्रसिद्ध. ज्यांना बोलायला आवडत नाही त्यांनीच हे काढावं हे मला फार योग्य वाटतं. सौनावाले त्या परंपरेतले. "नमस्कार" आणि "छान डाव झाला", एवढंच. दोन वर्षांत, आठवड्यातून तीन-चारदा, एवढंच.

फक्त एकदा काय झालं, ऐन रंगात आलेला डाव, आणि आतून सौ.ची हाक आली, "तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करा, माझे हात पिठाचे आहेत!" मी घाईघाईनं खिडकीत ‘कुकर’ एवढा एकच शब्द रोमन लिपीत टाइप केला आणि धावलो. परत येऊन पाहतो तर माझ्या घड्याळात वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला! लीचेसवर प्रतिस्पर्ध्याला पंधरा सेकंद बहाल करण्याचं एक बटण आहे. आपलं काही कमी होत नाही, त्याचं वाढतं. ते त्यांनी चार वेळा दाबलं होतं. भर डावात आख्खा एक मिनिट. ‘कुकर’ या शब्दानं त्यांना काय वाटलं असेल देव जाणे. इंग्रजीत त्याचा अर्थ शेगडी होतो. घराला आग लागली असंही वाटलं असेल. पण मी खोटं बोलतोय, विचार करायला वेळ काढतोय, असं त्यांना वाटलं नाही, किंवा वाटूनही त्यांनी पंधरा पंधरा सेकंद मोजून दिले.

त्यानंतर काही दिवसांनी, एका शनिवारी, त्यांच्याकडून एक शब्द आला. ‘सौना’. आणि ते गायब. नातीनं शोधून सांगितलं की वाफेच्या खोलीत बसून घाम काढायची ती तिकडची रीत, शनिवारी संध्याकाळी खास. मी चार वेळा बटण दाबलं. मग आणखी चार वेळा. स्नानाला किती वेळ लागतो याचा अंदाज नव्हता. ते डाव हरले, कारण वेळेला माझ्या औदार्याहून जास्त वेग होता. पण दुसऱ्या दिवशी नमस्काराबरोबर "टी वाय" आलं. डाव सुरू व्हायच्या आधी आभाराचं बटण नसतं, म्हणजे ते हातानं टाइप केलेलं होतं. तेव्हापासून माझा कुकर आणि त्यांचा सौना हा आमच्यातला सगळा पत्रव्यवहार.

गेल्या काही महिन्यांत ते दिसलेले नाहीत. शेवटच्या डावाखाली त्यांचं "बी बी" आहे, म्हणजे येतो. त्यांच्या नावावर बोट ठेवलं की ते तिथे शेवटचे कधी येऊन गेले ते दिसतं. आधी तिथे दिवस होते, मग आठवडे, आता महिने आहेत. वय काय, काम काय, घरी कोण, काहीच ठाऊक नाही. पुरुष आहेत हेही मीच धरून चाललोय. कंटाळले असतील. दुसऱ्या नावानं खेळत असतील. शहाणपणा सुचून बुद्धिबळ सोडलंही असेल. तात्या म्हणाले, "एखादा आकडे घातलेला शब्द दिसला नाही म्हणून काळजी करणं तर्काला धरून नाही." आणि मग दोन दिवसांनी स्वतःच विचारू लागले, "आले का ते?"

निरोप धाडायची सोय तिथे आहे. मी चार दिवस ती उघडून बसतो आहे. नऊ बटणं आहेत, पण ‘बरे आहात ना’ याचं बटण नाही. इंग्रजीत लिहावं तर बँकेचं इंग्रजी. कळविण्यास विनंती, आपला विश्वासू. फिनी भाषेत लिहायला नात यंत्राकडून भाषांतर करून द्यायला तयार आहे, पण ते यंत्र माझ्या नावावर काय लिहील ते मला कळायचं नाही. आणि ओळख तरी काय सांगायची? मी कुकर?

सौ. कणीक तिंबत ऐकत होती. म्हणाली, "मराठीतच लिहा की. कुणी तरी काही तरी विचारलंय एवढं कळेल त्यांना. बाकी काय कळायचंय त्यात?"

मी लिहिलं, "बरे आहात ना?" खाली ‘घोडेवालेआबा’ अशी सही करणार होतो, पण नाव ते यंत्र आपणच घालतं. म्हणून ‘कुकर’ लिहिलं. पाठवून दिलं. परवा सकाळी साडेसात वाजता.